मानेतली बारीक शीर

महेश भामरेने मान उजवीकडे वळवली आणि पपया नर्सरीचा चौक विझला. आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं. मागून येणारा टेम्पो, टेम्पोतले टोमॅटोचे क्रेट, सिग्नलचा खांब, सगळं एका दमात गेलं, आणि परत आलं तेव्हा तो रस्त्यावर आडवा होता, मोटारसायकलचं मागचं चाक शेजारी गरगरत होतं आणि एक रिक्षावाला त्याच्या तोंडावर पाण्याची बाटली रिकामी करत विचारत होता, "काका, सकाळी काही खाल्लं नाय का?" आता खाण्याचं म्हणाल तर महेशने बशी भरून पोहे खाल्ले होते आणि वर चहाही झाला होता. उपासतापास करून चकरा येणाऱ्यातला तो माणूस नव्हे. अंबडच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे. दुचाकी गाड्यांना लागणारे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, तिथे बनतात, आणि बनलेला बुश ड्रॉइंगबरहुकूम आहे की नाही हे बघण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. असा माणूस पडला तरी बेताने पडतो. कोपर खरचटलं, आरसा फुटला, बाकी काही नाही. लोकांनी गाडी उभी करून दिली, कुणी म्हणालं शुगर बघा, कुणी म्हणालं बीपी असेल, आणि ज्याला त्याला कामावर जायचं असल्यामुळे गर्दी लगेच पांगली. महेश मात्र दुभाजकाच्या कठड्यावर बसून राहिला. पडल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. तो घाबरला होता ते वेगळ्याच गोष्टीने. हा अंधार त्याच्या ओळखीचा होता. चार महिन्यांपूर्वी, चैत्रात, नामपूरच्या स्मशानात बापाच्या चितेकडे पाठ करून निघताना त्याने असंच मागे वळून पाहिलं होतं, असाच कडेकडेने अंधार आला होता, आणि तो असाच कोसळला होता.

त्या दिवशी खरं तर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. थोरला मुलगा म्हणून पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन त्याने फेरे घातले; त्याचे चुलते वाळूतात्या मागून चालत फेऱ्यागणिक दगडाने मडक्याला भोक पाडत होते. मग मडकं मागच्या मागे सोडून द्यायचं आणि चालू लागायचं. "आता मागं पाहू नको रे," वाळूतात्या म्हणाले. मेलेल्याचा जीव तिथंच घुटमळत असतो, मागं पाहिलं की पाहणाऱ्याला धरतो, हे बागलाणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. महेश थोडा चालला. पुढे मंडळी चालली होती. कुणीतरी फोनवर सटाण्याचा कांद्याचा भाव विचारत होतं, आणि त्यातही काही वावगं नव्हतं, लिलावाचा दिवस होता. मागे लाकडं तडतडत होती. मग काय झालं ते महेशला पुढे कितीदा आठवूनही नीट मांडता आलं नाही. मान आपोआप वळली, उजवीकडे, पार खांद्यापर्यंत. त्यानंतरचं आठवतं ते खापऱ्यांच्या चिखलातून त्याला उचलणारे धाकट्या भावाचे, भारतचे हात आणि वाळूतात्यांचा उतरलेला चेहरा. ऊन होतं, रात्रभरचं जागरण होतं, पोटात अन्न नव्हतं; पण ही कारणं कुणी तोंडातूनही काढली नाहीत. बायका स्मशानात जात नाहीत. महेशची आई लंकाबाई घरी ओट्यावर बसली होती, आणि मंडळी दारात येऊन कडुनिंबाचा पाला चावायच्या आत तिला बातमी कळली होती. थोरल्याने मागं पाहिलं. मेलेल्या बापाने, सावळीरामने, पोराची मान धरली.

दशक्रियेला चार मोठी माणसं बसली आणि ठरलं, की त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी करायचा, अडकलेला जीव मोकळा करायचा. नाशिकच्या माणसाला त्र्यंबक ते काय लांब? महेश रोज ज्या रस्त्याला लागतो तोच पुढे त्र्यंबकला जातो. पण महेश अडून बसला. त्याचा देवाधर्माला विरोध होता असं नाही. वर्षातून एकदा तो वणीच्या गडावर जातो, गणपती बसवतो, शनिवारी तेल वाहतो. पण हा विधी त्याला बापावर ठेवलेला आळ वाटत होता. सावळीराम, म्हणजे या भावांचे आप्पा, पिठाची गिरणी चालवायचे. पट्ट्याच्या घरघरीत बोलायची सवय सुटली म्हणा किंवा मुळातच नव्हती म्हणा, ते कुणाशी फारसे बोलायचे नाहीत. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ. त्यांनी पोरांना कधी मारलं नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. आयटीआयला नाशिकला निघालेल्या महेशला ते एसटी स्टँडवर सोडायला आले, पेटी टपावर चढवली, "बस नीट," म्हणाले, आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागले. महेश खिडकीतून बघत राहिला. ती पीठ उडालेली पाठ मार्केटच्या गेटपर्यंत दिसली. पुढेही दर सुट्टीला तेच. एकदा त्याने धीर करून विचारलं, तर म्हणाले, "निरोप झाला की झाला. मागं पाहिलं की जाणाऱ्याचा पाय अडकतो." त्या माणसाने, ज्याने जिवंतपणी पोराचा पाय अडकू नये म्हणून मान वळवली नाही, त्याने मेल्यावर त्याची मान धरावी? "आप्पा असं करणार नाहीत," महेश त्या बैठकीत म्हणाला. भारत चिडला. "जिवंत माणूस येगळा नि गेलेला येगळा," तो म्हणाला. "तुझ्या हट्टापायी माय मरंल."

ते त्याने रागाने म्हटलं होतं, पण खोटं नव्हतं. लंकाबाईने त्याच दिवशी पायातली चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली. पोराच्या मानेवरचा हात निघाल्याशिवाय पायात घालणार नाही. बाई सत्तरीच्या घरातली, दहा वर्षांपासून साखरेचं दुखणं, आणि बागलाणचा वैशाख. जमीन तव्यासारखी तापलेली, तिच्यावर ती मळ्यात जायची, पाणी भरायची, देवीच्या देवळात जायची. उजव्या अंगठ्याखाली फोड आला. तो फुटला, चिघळला. साखरेच्या माणसाला पायाचं दुखणं दुखत नाही, हेच त्याचं वाईट. आषाढात सटाण्याच्या डॉक्टरने पट्टी उघडून बघितली आणि भारतला बाहेर बोलावून सांगितलं, की म्हातारी अशीच अनवाणी फिरत राहिली तर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर थांबेल याची खात्री नाही. त्यांनी मऊ तळव्याची खास चप्पल लिहून दिली. भारतने ती आणली. ती खोक्यातच राहिली. महेश फोन करून समजावायचा, ओरडायचा, एकदा तर रडलाही; पलीकडून एवढंच यायचं, "तू त्र्यंबकला जा, मी चप्पल घालते." दोन्ही बाजूंनी हट्ट, आणि मधल्या मध्ये एक पाय कुजत चाललेला. घराघरांत असतात असे हट्ट, पण त्यात असा पाय जात नाही.

चौकात पडून आल्यावर मात्र महेश मनातून हलला. संध्याकाळी कोपराला मलम लावताना त्याने बायकोला, तेजस्विनीला, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच विचारलं, "खरंच धरलं असेल का गं?" तेजस्विनी शाळेत विज्ञान शिकवते. ती हसली नाही, चिडलीही नाही. तिने विचारलं, "दोन्ही वेळा मान कुठल्या बाजूला होती?" उजवीकडे. "मग आप्पांना काय एकच बाजू ठाऊक आहे का? उद्या डॉक्टरकडे जायचं." असं म्हणून ती भाजी फोडणीला टाकायला गेली. महेश बसल्या जागी आठवत राहिला, आणि एकदा आठवायला लागल्यावर काय काय निघालं. तो झोपतो ते कायम डाव्या अंगावर, तोंड डावीकडे करून. पार्किंगमधून गाडी मागे घेताना आरशातच बघतो, वळून कधीच नाही. लोक त्याला त्यावरून हसतात. नामपूरच्या शाळेत कवायतीला 'दाहिने देख' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे यायचे, तो डुलायचा, आणि कवायतीचे मास्तर पाठीत धपाटा घालून म्हणायचे, "भामरे, रात्री चोऱ्या करतो का?" ते त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं, मास्तरांचा मार खाल्ला हे घरी सांगितलं की वर आणखी मिळतो असा तो काळ. लग्नात भटजींनी नवरीला डाव्या हाताला बसवलं, त्याला बरं वाटलं होतं. का बरं वाटलं ते आत्ता कळत होतं. म्हणजे मानेला माहीत होतं. त्याला सोडून सगळ्या अंगाला माहीत होतं, आणि अंगाने इतकी वर्षं त्याला न विचारता सगळं सांभाळून घेतलं होतं. हे वाटून त्याला आपल्याच मानेबद्दल थोडी ओशाळल्यासारखी माया वाटली.

तपासण्या झाल्या. शरणपूर रोडला एका ठिकाणी त्याला यंत्राच्या फळीवर निजवलं, हातातून औषध सोडलं. औषध चढताना घशापासून खाली ऊन पसरत गेलं, मांड्यांपर्यंत, आणि आपल्याला लघवीच झाली की काय असं वाटून तो शरमला. मग त्याला मान उजवीकडे वळवायला सांगितली. त्याने जिवावर उदार होऊन वळवली. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. तरुण होत्या, पण सांगण्यात घाई नव्हती. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या चार नळ्या मानेतून वर जातात, त्या म्हणाल्या. आपण सगळ्यांनाच शीर म्हणतो, तर शीर म्हणू. पुढच्या दोन जाड. मागच्या दोन मणक्यांच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर चढतात. "तुमची मागची उजवी अगदी बारीक आहे, दोऱ्यासारखी, आणि मध्येच संपते. सगळं काम डावी करते. मान पूर्ण उजवीकडे गेली की वरच्या दोन मणक्यांत ती डावी दाबली जाते, पाइपावर पाय पडावा तशी. मागच्या मेंदूचं रक्त तेवढ्यापुरतं थांबतं." पुढच्या दोन नळ्यांतून पुरवठा का होत नाही, महेशने विचारलं. कामाच्या सवयीने त्याला दुसरी लाइन कुठे आहे हे विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी बोट ठेवलं. मेंदूखाली या सगळ्यांना जोडणारं एक कडं असतं, एक अडली तर दुसरीने द्यावं म्हणून. त्याचं कडं मागच्या बाजूला जुळलेलंच नव्हतं. "पुस्तकातल्यासारखं पुरं कडं निम्म्या लोकांतसुद्धा सापडत नाही," त्या म्हणाल्या. "कुणाची शीर दुसऱ्याच जागेवरून निघते, कुणाची वळसा घालून घशामागे येते, कुणाला एखादी नसतेच. माणसं ऐंशी-नव्वद वर्षं जगतात, कळतही नाही."

"म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट," महेश म्हणाला.

"डिफेक्ट नाही म्हणत आम्ही. व्हेरिएशन म्हणतो."

हा फरक महेशला कुणी समजावून सांगायला नको होता. कारखान्यात माप चुकलेला तुकडा लाल ट्रेमध्ये जातो. पण कधी कधी माप ड्रॉइंगशी जुळत नाही, तरी तुकडा आपलं काम चोख करतो, आणि मग कुणीतरी जबाबदार माणूस सही करून म्हणतो, की जाऊ द्या, हा माझ्या जबाबदारीवर. अशा सह्या त्याने कमी केल्या नव्हत्या. आपणही असे कुणाच्या तरी सहीवर आजवर चालत आलो, असं त्याच्या मनात येऊन गेलं. बाईंनी पथ्य सांगितलं. काही आठवडे गळपट्टा, मान उजवीकडे पूर्ण वळवायची नाही, मोटारसायकल बंद, केस कापायला गेलं की न्हाव्याला मान मोडू द्यायची नाही, आणि पुन्हा पडलात तर ते दोन मणके स्क्रूने जखडायचं ऑपरेशन. घरी तेजस्विनीने त्यात भर घातली, "हो म्हणायचं असेल तर मान हलवा. नाही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणा." दोघं हसले. पण त्याआधी, बाईंच्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, महेशला एकदम रडू आलं होतं. दुखण्याचं नव्हे. आप्पांनी धरलं नव्हतं. त्याने बैठकीत जे नुसतं म्हटलं होतं ते खरं निघालं होतं, चित्रासकट. आता हे मायला सांगायचं, तिच्या पायात चप्पल घालायची, आणि हा विषय मिटवायचा. इतकं सोपं काम बऱ्याच दिवसांत त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दोघं एसटीने नामपूरला निघाले. तेजस्विनी त्याच्या डाव्या हाताला बसली, म्हणजे बोलताना वळायला नको. गळपट्ट्यामुळे हनुवटी वर राहत होती आणि तो कुणावर तरी रागावल्यासारखा दिसत होता. श्रावणाचा महिना, भावडबारीचा घाट हिरवागार, पण त्याला समोरच्या सीटचं हँडल आणि कंडक्टरची टोपी एवढंच दिसत होतं. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. मायला कळेल असं सांगायचं. नळी, पाणी, मोट, जे काय लागेल ते. घरी पोचले तर गिरणी बंदच होती. आप्पा गेल्यापासून पट्टा कुणी चढवला नव्हता. लंकाबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. पायाला पट्टी, पट्टीवर पिवळा डाग, आणि कोंबडं मारून ठेवावं तसा काहीसा वास. महेशला तो वास दारातच आला आणि त्याची सगळी वाक्यं विस्कटली. तिने त्याचा गळपट्टा पाहिला. "तुले काय व्हयनं रे भाऊ?" ती म्हणाली. एरवी नाशिकच्या सुनेसमोर ती सांभाळून बोलते. जीव घाबरला की तिची अहिराणी वर येते.

त्याने सांगितलं. चांगलं सांगितलं, तेजस्विनीने नंतर कबूल केलं. दोन पाट पाण्याचे, एक आधीपासून बुजलेला, दुसऱ्यावर दगड ठेवला की वाफा कोरडा. मान वळली की दगड. भारत मार्केटातून आला होता, तोही चौकटीला टेकून ऐकत होता. लंकाबाईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हंजे हे आप्पाचं नाय."

"नाही माय. आप्पांचा काही संबंध नाही. जन्मापासूनच ती शीर बारीक आहे. तुझ्या पोटात होतो तेव्हाच तशी झाली."

शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण क्वालिटीचा माणूस. खोट कुठल्या टप्प्यावर आली हे सांगितल्याशिवाय त्याचं बोलणं पुरं होत नाही. लंकाबाईची नजर त्याच्यावरून गेली आणि अंगणातल्या रिकाम्या जागेवर थांबली. "ऐंशी सालचं गिऱ्हान," ती म्हणाली. "तू पोटात व्हता. सहावा लागला व्हता. सारं गाव दारं लावून बसलं व्हतं. म्हाताऱ्यानं, माझ्या सासऱ्यानं, कांद्याची गाडी ठरवली व्हती, गाडीवाला दुपारी येतो म्हने. आम्ही बाया बसलो पात कापाया. मला जाऊ म्हने, तू घरात नीज. मी म्हनलं, लोक काय म्हनतील, पोटुशी काय मीच एकली हाय का. अंधारून आलं, पाखरं झाडावर गेली, तरी माझ्या हातात इळा. कांद्याच्या मानंपाशी धरायचं नि कापायचं. सांजपर्यंत कापत व्हते." गर्भार बाईने ग्रहणात काही कापू नये, चिरू नये, पोटातल्या लेकराला तिथं खोट येते, हे सांगायला तिला कुणी लागत नव्हतं. तू जन्माला आला तेव्हा ओठ पाहिले, ती म्हणाली, बोटं मोजली, कान पाहिले, सगळं धड होतं. "देवीनं सोडलं म्हनलं मला. मानंच्या आत कोन बघतं?" मग अगदी हिशेब लागल्यासारखं म्हणाली, "मन्हंच चुकनं भाऊ. आप्पाला मी उगा दोष दिला चार म्हयने."

महेशला काय झालं ते कळायला वेळ लागला. तो म्हणाला, ग्रहणाने काही होत नसतं. "तूच म्हनला ना, पोटात असताना झालं." तो म्हणाला, अगं, असं कितीतरी लोकांना असतं, डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या मायांनीबी कापलं आसंल." मग लंकाबाईने पट्टीचा पाय जवळ ओढला, त्याच्याकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता ही चप्पल घालायचीच नाय. माझं मला फेडू दे. दिवाळीनंतर पायी गडावर जाईन, येता आलं तर येईन." तिच्या आवाजात रडं नव्हतं. तेच वाईट होतं. आधीच्या नवसाला निदान शेवट होता, तो महेशच्या हातात होता; या नव्या नवसाला शेवटच नव्हता, आणि तो त्यानेच एसटीने येऊन तिच्या पदरात घातला होता. भारतने चौकटीवरून त्याच्याकडे पाहिलं. झालं समाधान, असं ते बघणं.

महेश उठला, ओट्याच्या टोकापर्यंत गेला, उभा राहिला. गिरणीच्या कुलपावर गंज चढला होता. खरं ते खरं, त्याचं आयुष्य या एका गोष्टीवर गेलं. मायक्रोमीटरवर आलं ते आलं. साहेबाने दम दिला, गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला, तरी आकडा बदलायचा नाही. आणि आता ते खरं ओट्यावर मांडून ठेवलं होतं, आणि त्याच्या शेजारी तो पाय होता. त्याला आप्पांची आठवण झाली नाही असं नाही. झाली, फार झाली. ज्याच्यावर आळ जायचा तो माणूस बोलू शकत नव्हता, आणि बोलू शकत असता तरी बोलला नसता. दळण परत करताना कुणी म्हणालं पीठ कमी भरलं, तर आप्पा काही न बोलता डब्यात आणखी एक माप टाकायचे. मग तो परत येऊन आईसमोर बसला, मान सरळ ठेवून.

"माय, ऐक. शीर असेल बारीक. पण मी त्याच्याआधी कधी पडलो? शाळेत पडलो? लग्नात पडलो? इतकी वर्षं कामावर उभा राहिलो, तिथं पडलो?" शाळेतल्या कवायतीचं त्याने गिळून टाकलं. "तुझ्या हातून झालं असतं तर लहानपणीच झालं नसतं का? पडलो तो त्या दिवशी. वाळूतात्या नको म्हणत असताना मागं पाहिलं म्हणून. डॉक्टरला नुसती शीर दिसते. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

लंकाबाईचा चेहरा हलला. तिला हे मान्य करायचं होतं आणि भीतीही वाटत होती, असं दिसत होतं. "मंग?" ती म्हणाली.

"मग त्र्यंबकला जाऊ. भारत, तू गुरुजींना फोन कर, लवकरातली तारीख घे. मी करतो सगळं, तीन दिवस बसतो."

भारतने खिशातला फोन काढला, परत ठेवला, परत काढला. इतके दिवस ज्यासाठी भांडला ते हातात आल्यावर माणूस गोंधळतो, तसा. मग तो फोन घेऊन अंगणात गेला. तेजस्विनीने महेशकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती ते घरातून चहा आणायच्या निमित्ताने आत घेऊन गेली. भारतने अंगणातूनच सांगितलं, गुरुवारपासून जमतंय. महेश उठला, कोपऱ्यातलं खोकं उघडलं, ती मऊ तळव्याची काळी चप्पल काढली. विधी झाल्यावर घालीन, लंकाबाई म्हणाली. "ठरला म्हणजे झाला," महेश म्हणाला. "तुझा शब्द होता, मी त्र्यंबकला जातो म्हटलं की तू घालशील. आता बाजूला होऊ नको." तो खाली बसला, दोन्ही चपला समोर ठेवल्या. गळपट्टा हनुवटीला रुतत होता.

"पन तू पाहिलंस कशाला रे मागं?" तिने विचारलं. रागाने नाही. गेल्या चार महिन्यांत हे तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं; पाहिलं एवढंच सगळ्यांना पुरलं होतं.

महेशला त्याचं उत्तर माहीत नव्हतं असं त्याला वाटत होतं. ते तोंडातून आलं तेव्हा त्यालाही नवीन होतं. "सगळे निघाले होते ना," तो म्हणाला. "ते एकटेच राहिले तिथं."

लंकाबाईने पदराचं टोक तोंडाशी धरलं. अंगणात भारत फोनवर पत्ता सांगत होता. तिने पदर काढला आणि हळू आवाजात, घरात ऐकू जाऊ नये असं, विचारलं, "काय दिसलं?"

बायका स्मशानात जात नाहीत. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस दारातून गेला तेवढं तिने पाहिलं होतं. पुढचं तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने कुणाला विचारलं नव्हतं. महेशला काहीही दिसलं नव्हतं. मान खांद्यापर्यंत गेली आणि शीर दाबली गेली. आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं. चितेच्या जागी काळं होतं.

"नीट पेटलं होतं, माय," तो म्हणाला. "एकसारखं. सगळ्या बाजूंनी. धूरसुद्धा नव्हता."

मग तिने मान डोलावली.

"लाकडं वाळलेली आनली व्हती म्हंजे," लंकाबाई म्हणाली, आणि पट्टीचा पाय त्याच्यापुढे केला.